कातिब, कर्जदार आणि एआय : बिझनेस प्लानचा हजार वर्षांचा प्रवास

मुद्रा कर्जासाठी बँकेत अर्ज करायचा असो, स्टार्टअपसाठी गुंतवणूकदार शोधायचा असो किंवा एखाद्या महामंडळाच्या योजनेत नाव घालायचे असो, पहिली मागणी ठरलेली असते, ‘प्रोजेक्ट रिपोर्ट आणा’. काल-परवापर्यंत त्यासाठी सीएकडे किंवा बँकेबाहेर बसणाऱ्या एजंटकडे जावे लागे. आता चॅटजीपीटी, जेमिनी यांसारखी एआय साधने हातातल्या मोबाइलवर आली आहेत. धंद्याबद्दल चार ओळी सांगितल्या की काही मिनिटांत वीस पानांचा बिझनेस प्लान तयार होतो. त्यात बाजारपेठेचा अंदाज असतो, स्पर्धकांची माहिती असते, तीन वर्षांचा नफा-तोटाही असतो.

या सोयीकडे बघण्याच्या दोन टोकाच्या तऱ्हा आपल्याकडे दिसतात. काहींना ती जादूची कांडी वाटते, काहींना निव्वळ फसवेगिरी. दोघेही एक गोष्ट विसरतात. धंद्याची योजना कागदावर मांडणे, दुसऱ्याच्या भांडवलावर व्यापार करणे आणि त्यासाठी कोणाकडून तरी लिहून घेणे हे सगळे फार जुने आहे. त्या इतिहासात मुस्लिम समाजाचा वाटा मोठा आहे. तो नीट पाहिला तर एआयला नेमके कुठे बसवायचे, हे समजायला मदत होते.

अल्गोरिदमचा जन्म हिशेबात

एआयचा पाया असलेला ‘अल्गोरिदम’ हा शब्द एका माणसाच्या नावावरून आला आहे. मुहंमद इब्न मूसा अल-ख्वारिझ्मी हे नवव्या शतकातील बगदादचे गणिती. खलिफा अल-मामूनच्या (इ.स. ८१३ ते ८३३) काळात ते ‘बैत अल-हिकमा’ या विद्याकेंद्रात काम करत. भारतीय अंकपद्धतीवर त्यांनी लिहिलेल्या पुस्तकाचे बाराव्या शतकात लॅटिन भाषांतर झाले. त्यात त्यांच्या नावाचे रूप ‘अल्गोरित्मी’ असे झाले आणि पुढे तोच शब्द हिशेबाच्या रीतीसाठी रूढ झाला.

त्यांचे दुसरे पुस्तक ‘अल-जब्र वल-मुकाबला’. ‘अल्जेब्रा’ हा शब्द यातलाच. हे पुस्तक कशासाठी लिहिले, ते ख्वारिझ्मींनी प्रस्तावनेतच सांगितले आहे. वारसाहक्काची वाटणी, मृत्युपत्रे, दावे, व्यापार, जमिनीची मोजणी, कालवे खोदण्याचे काम, अशा रोजच्या व्यवहारात लोकांना लागणारे सोपे गणित त्यांना द्यायचे होते. पुस्तकाचा मोठा भाग तर मृत्युपत्र आणि वारसा यांच्या उदाहरणांनीच भरलेला आहे.

म्हणजे ज्याला आपण आज ‘टेक्नॉलॉजी’ म्हणून बाजूला ठेवतो, तिची मुळे दुकानदार, वारस आणि शेतकऱ्यांच्या अडचणींत आहेत. पुढे हे ज्ञान समुद्र ओलांडून गेले, तेही व्यापाऱ्यांच्याच वाटेने. पिसा शहराचा लिओनार्दो, म्हणजे फिबोनाची, लहानपणी वडिलांसोबत आजच्या अल्जेरियातील बुजिया बंदरात राहिला. तिथे तो भारतीय अंकांचा हिशेब शिकला. १२०२ साली त्याने ‘लिबेर अबाची’ हे पुस्तक लिहिले. मालाचे भाव, अदलाबदल, नाण्यांचा कस, भागीदारीतील नफ्याची वाटणी हेच त्यातले विषय आहेत.

मुदारबा : भांडवल एकाचे, मेहनत दुसऱ्याची

आजचा स्टार्टअप ज्या तत्त्वावर चालतो, तेही अरबांना नवे नव्हते. एकाकडे पैसा आहे पण वेळ किंवा कसब नाही. दुसऱ्याकडे कसब आहे पण पैसा नाही. दोघांना जोडणारा करार म्हणजे ‘मुदारबा’, काही भागांत त्याला ‘किराद’ म्हणत. इस्लामच्या आधीपासून मक्केतील काफिल्यांचा व्यापार याच रीतीने चालत असे. हजरत खदिजा (रजि.) या मक्केतील नामांकित व्यापारी होत्या. त्यांचा माल घेऊन प्रेषित मुहंमद (स.) शामच्या बाजारपेठेत गेले होते, हे सीरतच्या ग्रंथांतून सर्वांना माहीत आहे.

पुढे फकिहांनी या कराराचे बारीकसारीक नियम ठरवले. नफ्याची वाटणी आधीच प्रमाणात ठरवायची, निम्मा किंवा एक तृतीयांश अशी. अमुक इतके दिरहम असा ठरीव आकडा चालत नाही. तोटा झाला तर भांडवल बुडते ते पैसे देणाऱ्याचे, काम करणाऱ्याची मेहनत फुकट जाते. मात्र काम करणाऱ्याने अटी मोडल्या किंवा हलगर्जीपणा केला, तर भरपाई त्याने करायची. कोणत्या शहरात जायचे, कोणता माल घ्यायचा, अशा अटी भांडवलदार घालू शकत असे. अकराव्या शतकातील हनफी फकिह सरखसी यांनी ‘अल-मबसूत’मध्ये या कराराची गरजही समजावून सांगितली आहे. भांडवल असलेल्याला फायद्याचा व्यापार साधतोच असे नाही आणि व्यापार साधणाऱ्याकडे भांडवल असतेच असे नाही. दोघांची गरज भागावी म्हणून हा करार.

इटलीच्या जिनोआ, व्हेनिस या बंदरांत ‘कोमेंडा’ नावाचा करार चालत असे. त्याचे किरादशी असलेले साम्य अब्राहम युडोविच यांच्यासारख्या इतिहासकारांनी दाखवून दिले आहे. आजच्या व्हेंचर कॅपिटलचा विचार करताना अनेक अभ्यासक या करारांपर्यंत मागे जातात.

या व्यवस्थेत एक गोष्ट महत्त्वाची होती. पैसे देणाऱ्याचे स्वतःचे नुकसान होणार असल्यामुळे तो खोदून प्रश्न विचारत असे. माल कुठला, वाट कोणती, तिथला भाव काय, ओळखीचा माणूस कोण? उत्तरे देणाऱ्यालाही ती माहिती खरोखर असावी लागे. लांबलचक कागद दाखवून तिथे भागत नव्हते.

चौलचे व्यापारी आणि दिमश्कीचे पुस्तक

हा व्यापार आपल्या कोकणापर्यंत पोहोचला होता. दहाव्या शतकाच्या सुरुवातीला अरब इतिहासकार अल-मसूदी ‘सैमूर’ला आला. सैमूर म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यातील चौल. त्या वेळी इथे शिलाहारांची सत्ता होती. बंदरात सुमारे १०,००० मुस्लिम राहत असल्याचे मसूदीने नोंदवले आहे. सिराफ, ओमान, बसरा, बगदाद अशा ठिकाणांहून आलेले लोक त्यांत होते. काही इथेच जन्मलेले होते. त्यांचे आपसातले तंटे सोडवण्यासाठी राजाने त्यांच्यातलाच एक प्रमुख नेमलेला होता. महाराष्ट्रातील मुस्लिमांचा इतिहास सुलतानांच्या स्वाऱ्यांपासून सुरू करणाऱ्यांनी ही नोंद जरूर वाचावी. या समाजाची इथली एक जुनी ओळख तराजू आणि वहीची आहे.

अशा व्यापाऱ्यांसाठी अरबीत मार्गदर्शक पुस्तकेही लिहिली गेली. अबुल फज्ल अद-दिमश्की याचे ‘किताब अल-इशारा इला महासिन अत-तिजारा’ त्यांपैकी सर्वांत प्रसिद्ध. दिमश्कीने व्यापाऱ्यांचे तीन प्रकार सांगितले आहेत. पहिला ‘खज्जान’, म्हणजे स्वस्ताईत माल साठवून टंचाईत विकणारा. दुसरा ‘रक्काद’, माल घेऊन देशोदेशी फिरणारा. तिसरा ‘मुजह्हिज’, एका जागी बसून परगावच्या विश्वासू माणसाकडे माल पाठवणारा.

तिघांचा धोका वेगळा, म्हणून सल्लाही वेगळा. साठवणाऱ्याने सगळा माल एकदम घेऊ नये, टप्प्याटप्प्याने घ्यावा. फिरणाऱ्याने परतल्यावर जिथे माल विकायचा आहे तिथल्या भावांची यादी जवळ ठेवावी. पाठवणाऱ्याने समोरचा माणूस भरवशाचा आहे ना, हे आधी पाहावे. आजच्या भाषेत याला साठ्याचे नियोजन, बाजारभावाचा अभ्यास आणि भागीदाराची पारख म्हणता येईल. दिमश्की सर्वांना एकच साचा देत नाही. आधी तो विचारतो, तू कोणत्या प्रकारचा व्यापारी आहेस? एआयला ‘कापड व्यवसायाचा प्लान दे’ एवढेच सांगितले, तर हा प्रश्न न विचारताच उत्तर तयार होते.

एक पानापासून स्प्रेडशीटपर्यंत

आज आपण ज्याला बिझनेस प्लान म्हणतो तो कागद मात्र विसाव्या शतकातला, मुख्यतः अमेरिकेतला. १९४६ साली जॉर्ज दोरिओ यांच्या पुढाकाराने बोस्टनमध्ये अमेरिकन रिसर्च अँड डेव्हलपमेंट ही गुंतवणूक कंपनी निघाली. १९५७ साली तिने डिजिटल इक्विपमेंट या नव्या कंपनीत ७०,००० डॉलर घातले. कंपनीच्या संस्थापकांना मंडळासमोर जाण्याआधी सल्ला मिळाला होता की, प्रस्तावात ‘कॉम्प्युटर’ हा शब्द टाळा, कारण त्या काळी त्या धंद्यात पैसे बुडतात असा समज होता. पुढे ही कंपनी कॉम्प्युटरसाठीच जगभर गाजली. समोरच्याला रुचेल ते लिहिण्याची कला तेव्हापासूनच या कागदाला चिकटली आहे.

१९६८ साली इंटेलसाठी भांडवल उभे राहिले तेव्हा रॉबर्ट नॉइस यांनी टाइप केलेला प्लान जेमतेम एका पानाचा होता. गुंतवणूकदारांनी पैसे दिले ते माणसे बघून.

मग १९७९ साली व्हिसिकॅल्क आले. हार्वर्डचा विद्यार्थी डॅन ब्रिकलिन आणि त्याचा मित्र बॉब फ्रँकस्टन यांनी केलेली ही वैयक्तिक कॉम्प्युटरवरची पहिली स्प्रेडशीट. एक आकडा बदलला की खालचे सगळे आकडे आपोआप बदलू लागले. तासन् तासांचे काम मिनिटांवर आले. त्याबरोबर एक नवा रोगही आला. विक्री दरवर्षी २० टक्क्यांऐवजी ३० टक्क्यांनी वाढेल असे लिहिले की पाच वर्षांनंतरचा नफा डोळे दिपवू लागे. अमेरिकी पत्रकार स्टीव्हन लेव्ही यांनी १९८४ सालीच लिहिले होते की, स्प्रेडशीटमधले आकडे इतके नीटनेटके दिसतात की त्यांच्याखाली फक्त गृहीतके आहेत, याचा लोकांना विसर पडतो.

प्लानमुळेच धंदा उभा राहतो, हाही एक समजच आहे. अर्थतज्ज्ञ अमर भिडे यांनी अमेरिकेत वेगाने वाढलेल्या १०० कंपन्यांच्या संस्थापकांच्या मुलाखतींचा अभ्यास १९९४ साली मांडला. त्यांतल्या ४१ टक्के लोकांनी सुरुवातीला कोणताही प्लान लिहिलेला नव्हता. सविस्तर प्लान लिहिणारे फक्त २८ टक्के होते.

३० नोव्हेंबर २०२२ रोजी चॅटजीपीटी खुले झाले. स्प्रेडशीटने आकडे स्वस्त केले होते, एआयने शब्दही स्वस्त केले. पूर्वी चांगला लिहिलेला प्लान पाहून वाचणाऱ्याला वाटे की या माणसाने बराच विचार केला आहे. आता तो पुरावा उरला नाही.

आपल्यासाठी हा प्रश्न वेगळा का?

सच्चर समितीच्या २००६ च्या अहवालानुसार काम करणाऱ्या मुस्लिमांपैकी सुमारे ६१ टक्के लोक स्वयंरोजगारात होते. म्हणजे नोकरीपेक्षा छोटा धंदा हाच या समाजाचा मुख्य आधार. याच अहवालाने बँक कर्जातील मुस्लिमांचा वाटा कमी असल्याचे दाखवून दिले. काही बँका ठरावीक वस्त्यांना ‘नकारात्मक भाग’ ठरवून तिथे कर्ज देणे टाळतात, हेही नोंदवले. मालेगाव-भिवंडीचा यंत्रमागवाला, गल्लीतला बेकरीवाला, गॅरेजवाला, झरीकाम करणारी बाई या सगळ्यांना कसब आहे, गिऱ्हाईक आहे. त्यांच्याकडे नाही ती बँकेला कळणारी भाषा.

कचेरीची भाषा ज्याच्या हातात, त्याच्या हातात लोकांची कामे, हे जुने दुखणे आहे. फारसी दरबारात मुन्शी होता, इंग्रजी कोर्टात अर्जनवीस आला, आज बँकेबाहेर एजंट आहे. तो एकच रिपोर्ट नावे बदलून दहा जणांना देतो आणि कमिशन घेतो. ज्याच्या नावावर कर्ज आहे, त्याला आत काय लिहिले आहे याचा पत्ता नसतो. एआयने ही मक्तेदारी मोडली तर त्याचे स्वागतच केले पाहिजे. उर्दूत किंवा मराठीत बोलून आपल्या धंद्याची माहिती सांगायची आणि ती बँकेच्या इंग्रजीत मिळवायची, ही छोट्या माणसासाठी खरोखर मोठी गोष्ट आहे. ‘डेट सर्व्हिस कव्हरेज रेशो’ म्हणजे काय, हे कोणासमोर लाज न वाटता दहा वेळा विचारता येते, हेही कमी नाही.

पण एजंटचा जुना दोष एआयमध्ये जसाच्या तसा येऊ शकतो. रिपोर्ट छान, आत आपले काहीच नाही.

केनियातून आलेला धडा

याबाबत एक अभ्यास डोळे उघडणारा आहे. अमेरिकी विद्यापीठांतील संशोधकांनी केनियातील ६४० छोट्या उद्योजकांवर एक प्रयोग केला. काहींना व्हॉट्सअॅपवर जीपीटी-४ आधारित सल्लागार दिला. तो धंद्याबद्दलच्या प्रश्नांना उत्तरे देई. बाकीच्यांना तो दिला नाही. सरासरी पाहिली तर दोन्ही गटांत ठळक फरक पडला नाही. पण आतले चित्र वेगळे होते. ज्यांचा धंदा आधीच बरा चालला होता, त्यांची कामगिरी सुमारे १५ टक्क्यांनी सुधारली. ज्यांचा धंदा अडचणीत होता, त्यांची सुमारे ८ टक्क्यांनी घसरली.

दोन्ही प्रकारच्या लोकांचे प्रश्न साधारण सारखे होते. मिळालेला सल्ला आपल्या परिस्थितीत बसतो की नाही, हे ओळखण्यात फरक पडला असावा. अडचणीतल्या माणसाचे प्रश्नही अधिक अवघड असतात. म्हणजे एआय सर्वांच्या हातात आले म्हणून सगळे एका पातळीवर येतील, असे नाही. निवड करण्याची समज नसेल तर दरी वाढूही शकते. ज्या समाजाचा मोठा भाग छोट्या आणि अडचणीतल्या धंद्यांत आहे, त्याने हे गांभीर्याने घ्यायला हवे.

यंत्रमागाचे उदाहरण घेऊ. समजा एखादा मालक रोज १०,००० रुपयांचे सूत रोखीने घेतो आणि कापड ६० दिवसांच्या उधारीवर विकतो. म्हणजे फक्त सुतापोटी त्याचे ६ लाख रुपये कायम बाजारात अडकलेले असणार. वीजबिल आणि मजुरी वेगळी. एआयला ही उधारी सांगितली नाही, तर तो माल विकला त्याच महिन्यात पैसे आले असे धरून हिशेब मांडू शकतो. कागदावर नफा दिसतो आणि तिसऱ्या महिन्यात हप्ता भरायला हातात पैसा नसतो. हा मालक व्यापाऱ्याचे सूत घेऊन मजुरीवर विणत असेल, तर अख्खा हिशेबच बदलतो. हे फरक त्या गल्लीत मूलही सांगेल, पण न सांगता यंत्राला ते कळणार नाहीत.

मजकूर कोणी सांगायचा?

कर्जाचा व्यवहार लिहून ठेवण्याबाबत कुरआनच्या सूरह अल-बकरामध्ये २८२ क्रमांकाची आयत आहे. ती कुरआनमधील सर्वांत लांब आयत. मुदतीचे देणे-घेणे लिहून ठेवावे, लिहिणाऱ्याने न्यायाने लिहावे, साक्षीदार ठेवावेत, असे ती सांगते. त्यात आणखी एक बारकावा आहे. लिहिणारा कातिब असला तरी मजकूर सांगायचा तो ज्याच्यावर देणे आहे त्याने, म्हणजे कर्जदाराने. तो सांगू शकत नसेल तर त्याच्या पालकाने.

बहुसंख्य लोकांना लिहिता-वाचता येत नव्हते अशा काळातला हा नियम आहे. कातिबाची गरज त्याने नाकारली नाही. लेखणी दुसऱ्याच्या हातात असली तरी शब्द देणेकऱ्याचे असावेत, कारण उद्या फेडायचे आहे ते त्याला, एवढी काळजी मात्र घेतली.

एआयची जागा हीच आहे, कातिबाची. त्याला मुदारबातला भागीदार समजण्यात धोका आहे. भागीदाराचे भांडवल किंवा मेहनत पणाला लागलेली असते. एआयचे काहीच पणाला लागलेले नसते. मुदारबात तोटा भांडवल देणारा सोसत असे, बँकेच्या कर्जात तो सोसतो कर्जदार. प्लानमधला विक्रीचा आकडा चुकला तर हप्ता थकतो, सिबिल खराब होतो आणि पुढच्या वेळी भाचा-पुतण्याला जामीन राहण्याचीही सोय उरत नाही.

म्हणून काम उलट्या क्रमाने केले पाहिजे. आधी वही उघडावी. गेल्या सहा महिन्यांची वीजबिले, कच्च्या मालाचे खरे भाव, उधारीचे दिवस, रमजान-दिवाळीतली तेजी, पावसाळ्यातली मंदी हे सगळे स्वतः लिहून काढावे. मग ते एआयला द्यावे आणि मांडणी करून घ्यावी. त्यानंतर त्यालाच विचारावे की यात कोणते आकडे तू स्वतःहून धरले आहेस. ते एकेक तपासावेत. बाजारपेठेबद्दलचे जे आकडे तो देईल, त्यांचा मूळ आधार सापडला नाही तर खोडून टाकावेत. ही साधने नसलेली माहितीही ठामपणे लिहितात. ग्राहकांची नावे, फोन नंबर, आधार-पॅन यांत टाकू नयेत. शेवटी कागद मिटून, न बघता, तो प्लान घरातल्या कोणाला तरी समजावून सांगावा. जिथे अडखळायला होते, तो भाग अजून आपला झालेला नाही.

आपल्या संस्थांनीही यात उतरायला हवे. मोहल्ल्यातल्या मदरशात, वाचनालयात, बैतुलमालच्या कार्यालयात आठवड्यातून एक संध्याकाळ यासाठी देता येईल. तिथे दोन शिकलेली मुले मोबाइल घेऊन बसतील, एखादा जुना व्यापारी प्रश्न विचारेल आणि कर्ज घेणारा स्वतः उत्तरे देईल. खर्च फारसा नाही. केनियात कमी पडली ती समज यंत्रातून येणार नाही, ती बाजारात केस पांढरे केलेल्या माणसांकडेच आहे.

ख्वारिझ्मींनी आपले गणित वारस, व्यापारी आणि कालवे खोदणाऱ्यांसाठी लिहिले. त्याच नावाचे यंत्र आज आपल्या खिशात आहे. त्याच्याकडून जरूर लिहून घ्यावे. सांगायचे मात्र आपणच, कारण त्या कागदाखाली सही आपली असते.